शाळेची निवड आणि आपली लेकरे

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापन दिनाला धम्मावर बोलावं, असा आपला रिवाज आहे. मी आज शाळेवर बोलणार आहे. समितीने विषय विचारला तेव्हा मी "शाळा" असंच सांगितलं. विषय धम्माच्या बाहेरचा वाटेल, पण तो तसा नाही, हे आधी सांगतो.

उपालीची गोष्ट आपल्या घराघरांत माहीत आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपालीही निघाला. राजपुत्रांनीच भगवंतांना विनंती केली, की उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे तो आम्हाला ज्येष्ठ ठरेल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा गर्व गळून पडेल. तथागतांनी तसंच केलं. हाच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला. आता विचार करा. राजपुत्रांसाठी एक संघ आणि न्हाव्यांसाठी दुसरा संघ असता, तर उपाली घडला असता का? आणि राजपुत्रांचा गर्व तरी गेला असता का? एकाच पंगतीत, एकाच गुरूपुढे बसण्याचा लाभ दोघांनाही झाला. शाळेचा प्रश्न हा मुळात एकाच पंगतीचा प्रश्न आहे. म्हणून तो विहारात बोलायचा प्रश्न आहे.

या प्रश्नाशी आपल्या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. आज जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे, पण आपल्या तोंडात अजून 'नगर' बसलेलं आहे. या नगरात अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी त्या शाळा पाहिल्या, त्यांच्या मनाने घेतलं, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. आपल्या शाळेची प्रेरणा नगरच्या शाळांमधून मिळाली, असं त्यांनी स्वतः नमूद केलेलं आहे. सावित्रीमाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षणही इथेच फरारबाईंकडे घेतलं, असं चरित्रकार सांगतात. म्हणजे बहुजनांच्या शिक्षणाच्या पणतीतलं थोडं तेल आपल्या गावचं आहे.

पुढे १८८२ साली इंग्रज सरकारने हंटर कमिशन नेमलं. त्यापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं. त्यात त्यांनी जे मांडलं, त्याचा सारांश आपल्या भाषेत असा : सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने, आणि शिक्षणावरचा पैसा मात्र जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा आधी खेड्यातल्या प्राथमिक शाळेवर खर्च करा आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचं करा. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारचं म्हणणं त्यांनी मानलं नाही. त्या गोष्टीला आता एकशेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. 'झिरपण्या'ची ती भाषा मात्र अजून गेलेली नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हे आपण जयंतीला सांगतो. पण त्यानंतर त्यांनी केलेली एक गोष्ट आपण फार सांगत नाही. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. 'त्यांना त्यांची शाळा आहे ना, मग झालं', असं म्हणून महाराजांना गप्प बसता आलं असतं. ते बसले नाहीत. वेगळी शाळा म्हणजे कमी दर्जाची शाळा, हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि आपले बाबासाहेब! मार्च १९२७ मध्ये, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्याच महिन्यात, ते मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. त्यांनी सरकारपुढे हिशेब ठेवला. प्राथमिक शाळेत शंभर मुलं दाखल झाली, तर चौथीपर्यंत त्यांतली अठराच पोचतात, बाकीची पुन्हा निरक्षरच होतात. सरकार दारूवरच्या करातून लोकांकडून जेवढं घेतं, तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावं, अशी त्यांची मागणी होती. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आलं पाहिजे आणि खालच्या वर्गांना ते शक्य तितकं स्वस्त मिळालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. बंधू-भगिनींनो, बाबासाहेब स्वतः सरकारी शाळेत शिकले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं, पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूल, तेही सरकारी. त्या शाळांनी त्यांना अपमानही दिला, हे खरं. पण दार उघडं होतं. फी परवडणाऱ्यांनाच प्रवेश अशी साताऱ्याची शाळा असती, तर सुभेदार रामजींच्या या मुलाचं काय झालं असतं, याचा विचार आपण करावा.

हा इतिहास झाला. आता कायद्याकडे येतो.

राज्यघटनेच्या ४५व्या कलमाने सांगितलं होतं, की घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. १९६० आलं आणि गेलं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने समान शाळेची कल्पना मांडली. एका परिसरातली सगळी मुलं, कलेक्टरची असोत की कामगाराची, एकाच शाळेत जातील. ती शिफारस कागदावर राहिली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात शिक्षण हा मूलभूत हक्क मानला, २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली आणि शेवटी २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दहा वर्षांच्या वायद्याला साठ वर्षं लागली.

दरम्यान दुसरीकडे काय घडत होतं? आपल्या महाराष्ट्रात एके काळी शाळा म्हटलं की जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची, नाहीतर अनुदानित संस्थेची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या शाखा आपल्या जिल्ह्यात कोपरगावपासून खाली पसरल्या. दादासाहेब रूपवते यांच्या नावाशी जोडलेला बहुजन शिक्षण संघ आपल्याच जिल्ह्यातला. अशा शाळांतून आणि वसतिगृहांतून आपली एक अख्खी पिढी उभी राहिली. पगार सरकार देई, फी नाममात्र असे. मग २००० नंतर 'कायम विनाअनुदानित' नावाचं धोरण आलं. शाळा काढा, पण सरकारकडे कधीही पैसे मागू नका. 'कायम' हा शब्द २००९ साली काढला गेला, पण वाट पडली ती पडलीच. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे काय? सरळ मराठीत सांगायचं तर पालकांच्या खिशावर चालणारी शाळा. सरकारने दर्जा वाढवण्याची जबाबदारी हळूच खाली ठेवली आणि पालकाच्या हातात 'निवड' दिली.

पण निवड कुणाच्या हातात आली हो? ज्याच्या हातात पैसा होता त्याच्या. आपल्याच परिसरात सकाळी उभं राहून बघा. पिवळ्या बसमध्ये काही मुलं चढतात, टायवाली, बुटवाली. काही मुलं अनुदानित शाळेत सायकलवर जातात. आणि काही मुलं डबा न घेता, दुपारच्या खिचडीच्या भरवशावर, जिल्हा परिषदेच्या नाहीतर महापालिकेच्या शाळेत चालत जातात. एकाच गल्लीतली मुलं, पण तीन वेगळ्या वाटांची. पूर्वी पाण्याचा माठ वेगळा होता, तो दिसत होता. आजची वेगळी पंगत फीच्या पावतीवर लिहिलेली असते, म्हणून ती डोळ्यांना खुपत नाही.

आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांकडे बघा. दिवाळी झाली की कोयता घेऊन टोळ्या कारखान्यावर निघतात. त्या आई-बापाला शाळेची कसली आली निवड? मुलाला हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी ठेवायचं, की उसाच्या फडावर न्यायचं, एवढीच त्याची निवड. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा हा त्या लेकराचा एकमेव आधार आहे.

या विषमतेवर उतारा म्हणून शिक्षण हक्क कायद्यात एक कलम आहे, १२(१)(क). आपण त्याला 'पंचवीस टक्के' म्हणतो. खासगी विनाअनुदानित शाळेने पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांना मोफत द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांना शिकवायचं. त्यांची फी सरकार शाळेला देतं. संस्थाचालक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, पण १२ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. २०१४ च्या दुसऱ्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र यातून सूट मिळाली. आपल्या राज्यात हे प्रवेश ऑनलाइन अर्ज आणि सोडतीने होतात. अनुसूचित जातीच्या पालकाला यात उत्पन्नाची अट नाही, हे ध्यानात ठेवा. एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो तो आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करणाऱ्याला. आपल्याला जातीचा दाखला लागतो. हे माहीत नसल्यामुळे माणसं तहसीलच्या रांगेत उगीच दिवस घालवतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो, कारण ती वर्तमानपत्रात आली आणि रद्दीत गेली. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियमात दुरुस्ती केली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, त्या खासगी शाळेला पंचवीस टक्के प्रवेश देण्याची गरज नाही! आता शहरात काय आणि मोठ्या गावात काय, एक किलोमीटरच्या आत जिल्हा परिषदेची नाहीतर अनुदानित शाळा नाही, असं ठिकाण दिवा लावून शोधावं लागेल. म्हणजे कलम कायद्यात राहिलं आणि त्यातला जीव गेला. गरिबाने अर्ज भरायला संगणक उघडला, तर पर्यायांत बहुतेक त्याच शाळा, जिथे अर्जाशिवायही प्रवेश मिळतो. 'त्यांना त्यांची शाळा आहे ना, मग झालं', हेच ते म्हणणं, जे शाहू महाराजांनी १९१९ साली नाकारलं होतं.

पालक आणि काही संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दुरुस्तीला स्थगिती दिली, प्रवेशप्रक्रिया जुन्या नियमाने पुन्हा सुरू झाली. १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. नियम हा कायद्याच्या पोटात असतो, तो कायद्याच्याच विरुद्ध जाऊ शकत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. पुन्हा सुरू झालेल्या प्रक्रियेत राज्यभरातल्या नऊ हजारांवर शाळांतल्या सुमारे एक लाख पाच हजार जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांवर अर्ज आले. लोकांना काय हवं आहे, ते या आकड्यांनी सांगितलं. पण या ओढाताणीत जून उजाडला, शाळा सुरू झाल्या, इतर मुलं बाराखडी गिरवू लागली, आणि सोडतीतली मुलं जुलै संपत आला तरी दारात उभी होती. मोठ्यांच्या भांडणात पहिलीच्या लेकराचा महिना-दीड महिना गेला. त्याची भरपाई कोणत्या आदेशात लिहिलेली असते?

कर्नाटकने असाच बदल २०१९ साली केला आणि तिथे तो टिकला. महाराष्ट्रात तो टिकला नाही, कारण इथले पालक उभे राहिले. हक्क कागदावर मिळतो, पण राखावा लागतो माणसांनी, हा यातला धडा.

पण मित्रहो, पंचवीस टक्के मिळाले म्हणजे समता आली, असं मी म्हणणार नाही. या हक्काच्या मर्यादा आपण डोळे उघडे ठेवून बघितल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा आठवीची. कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे. मूल पहिलीपासून आठवीपर्यंत इंग्रजी शाळेत मोफत शिकतं आणि नववीला फी समोर उभी राहते. नागापूरच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्या बापाने ती कुठून आणायची? दहावी दोन वर्षांवर आलेली असताना लेकराला शाळा बदलावी लागते, माध्यम बदलावं लागतं. आठ वर्षं चढलेल्या जिन्याच्या वरच्या दोन पायऱ्या काढून घेतल्यासारखं आहे हे.

दुसरी मर्यादा वरखर्चाची. फी माफ असते. पण बस, बूट, सहल, स्नेहसंमेलन यांचं काय? कायद्यात गणवेश-पुस्तकांची तरतूद असली, तरी प्रत्यक्षात पालकाच्या गळ्यात काय काय पडतं, ते इथे बसलेल्या अनेक माउल्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सरकार शाळांना ठरलेली रक्कम वेळेवर देत नाही, वर्षानुवर्षं थकबाकी राहते. मग शाळेचा राग निघतो कुणावर? त्या लेकरावर. 'हा आरटीईचा', असं वर्गात ऐकवलं जातं. जातीचं नाव न घेता दिलेली ही नवी ओळख आहे.

तिसरी मर्यादा घराची. घरी इंग्रजी कुणाला येत नाही. शिकवणी लावली तर पुन्हा पैसे. भगवान बुद्धांना काही भिक्खूंनी सुचवलं होतं, की आपलं वचन छंदस् भाषेत बांधावं. तथागतांनी ते नाकारलं, लोकांनी आपापल्या बोलीत धम्म शिकावा असं सांगितलं. इंग्रजी शिकू नये, असा याचा अर्थ मी काढत नाही. बाबासाहेबांचं इंग्रजी साऱ्या जगाने वाखाणलं. पण ज्या भाषेत मूल विचार करतं, तिच्यात त्याचा पाया पक्का झाला की दुसरी भाषा वर चढते. हे लक्षात घेऊन प्रत्येक घराने आपल्या मुलाचा विचार करावा. शेजाऱ्याचा मुलगा टाय लावतो म्हणून आपणही लावायचा, हा काही विचार नव्हे.

चौथी मर्यादा सर्वांत मोठी. सोडतीत एका मुलाचं नाव निघतं, तेव्हा त्याच वस्तीतली कितीतरी मुलं मागे राहतात. त्यांचं काय?

इथे मला 'पटा'चं चक्र सांगायचं आहे. ऐपतवाली मुलं आधी गेली. मग नोकरदारांची गेली. सरकारी शाळेतल्या शिक्षकाचीही गेली. शाळेचा पट उतरला. पट उतरला म्हणून शिक्षकांची पदं कमी झाली. एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. शिकवणं मागे पडलं. मग उरलेल्यांतलीही ज्यांना जमेल ती मुलं निघून गेली. पट आणखी उतरला. आणि मग सरकार म्हणतं, एवढ्याशा मुलांसाठी शाळा चालवणं परवडत नाही. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर होत्या. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील, तर तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होईना. शिक्षक संघटनांनी विरोध केला तो त्यामुळे.

समूह शाळेत प्रयोगशाळा असेल, ग्रंथालय असेल, हे मान्य. पण वाडीवरच्या सात वर्षांच्या पोरीने तिथे जायचं कसं? गाडी सुरू झाली तर सुरू झाली, बंद पडली की पोरगी घरी. कायद्याने तर सांगितलं आहे, की पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. गंमत बघा. हेच एक किलोमीटर श्रीमंतांच्या शाळेचं दार बंद करायला वापरलं गेलं, आणि गरिबांची शाळा बंद करायची वेळ आली की ते विसरलं गेलं. दोन धोरणं वेगवेगळी दिसतात. पण दोन्ही एकत्र ठेवली की आपल्या लेकरासाठी खासगी शाळेचंही दार नाही आणि सरकारी शाळाही जागेवर नाही, असा अर्थ होतो.

जगाचा अनुभव यापेक्षा वेगळा नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने १९८० च्या दशकात प्रत्येक मुलामागे पैसे द्यायचं आणि शाळा पालकांनी निवडायची, असं धोरण आणलं. सरकारी शाळा ओस पडत गेल्या, मुलं बापाच्या कमाईप्रमाणे वेगवेगळ्या शाळांत वाटली गेली. २००६ आणि २०११ साली विद्यार्थी हजारोंनी रस्त्यावर आले. अखेर २०१५ साली त्या देशाला कायदा करावा लागला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांनी मुलं निवडून घ्यायची नाहीत आणि वर फीही घ्यायची नाही. उलट फिनलंडने १९७० च्या दशकात सगळ्या मुलांना एकाच तऱ्हेच्या सार्वजनिक शाळेत आणलं. तिथे साहेबाचं मूल आणि कामगाराचं मूल शेजारी बसतं, म्हणून शाळेत काही बिघडलं तर साहेबही ओरडतो. आपल्या शाळेत बिघडलं तर ओरडायला राहिलंय कोण? ज्याचा आवाज कुणी ऐकत नाही, तोच.

इथे मला आपल्यातल्या शिकलेल्यांना दोन शब्द सांगायचे आहेत. राग मानू नये. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी समाजातल्या शिकलेल्यांबद्दल खंत बोलून दाखवली होती. आपण बहुतेक जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, सरकारी वसतिगृहात जेवलो, शिष्यवृत्तीवर पुढे गेलो. आपल्या मुलांना आपण चांगल्या शाळेत घातलं, त्यात गुन्हा नाही. आई-बापाने लेकराचं बरं बघायचंच. पण ज्या शाळेने आपल्याला घडवलं, तिच्या फाटकात आपण परत कधी पाऊल टाकलं? तिथल्या मुतारीला पाणी आहे का, गुरुजी किती आहेत, हे कधी विचारलं? आपलं मूल तिथे नाही म्हणून ती शाळा आपली नाही, असं आपण धरून चाललो, तर सरकारने तेच धरलं म्हणून सरकारला काय बोलणार?

तेव्हा करायचं काय? भाषण ऐकून उठलं आणि खीर घेऊन घरी गेलं, असं होऊ नये म्हणून काही कामं सुचवतो. सगळी आपल्या ताकदीतली आहेत.

एक. पंचवीस टक्क्यांचा हक्क सोडू नका. प्रवेशाची जाहिरात निघते तेव्हा धावपळ होते. जातीचा दाखला, जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा ही कागदं दिवाळीतच जमवून ठेवा. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा, साध्या कागदावरचा चालत नाही. अर्ज भरताना नकाशावर घराची जागा अचूक दाखवा. अंतर चुकलं की पडताळणी समितीपुढे मिळालेला प्रवेशही जातो. विहाराच्या तरुण मुलांनी दोन रविवार इथेच मोबाइल घेऊन बसावं आणि वस्तीतले अर्ज फुकट भरून द्यावेत. कॅफेवाल्याला पैसे देऊन चुकीचा अर्ज भरण्यापेक्षा हे बरं.

दोन. ज्यांची मुलं आज पंचवीस टक्क्यांत आहेत, त्यांनी नववीचा विचार सहावीतच सुरू करावा. शाळेला विचारावं, जवळच्या अनुदानित हायस्कुलात सेमी इंग्रजी आहे का ते बघून ठेवावं.

तीन. इतर वाटा माहीत करून घ्या. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला आहे. पाचवीत असताना परीक्षा असते, सहावीला प्रवेश मिळतो, अनुसूचित जातींना राखीव जागा आहेत. समाजकल्याण खात्याच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या निवासी शाळा आहेत. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तिच्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात, पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच आहे. शाळा निवडताना हेही मोजा. दहावीनंतर वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे.

चार, आणि हे सर्वांत मोठं. सरकारी शाळा धरून ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमाने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात पाऊणशे टक्के सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. या जागा आपल्या आहेत! कोऱ्या कागदावर सह्या देऊन मोकळं व्हायचं नाही. सभेला जायचं, रजिस्टर वाचायचं, शिक्षक कमी असतील तर गटशिक्षणाधिकाऱ्याला लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. माझ्या माउल्यांनो, तुम्ही विहाराचा जमाखर्च चोख ठेवता, तुम्हाला शाळेचं रजिस्टर अवघड नाही.

पाच. संध्याकाळी सात ते नऊ हा हॉल रिकामा असतो. इथे दिवा आहे, पंखा आहे, आणि मोबाइलची कटकट बाहेर ठेवता येते. अभ्यासिका सुरू करा. सोडतीत नाव लागलेलं मूल आणि न लागलेलं मूल, पिवळ्या बसचं मूल आणि खिचडीच्या शाळेचं मूल, इथे तरी एका सतरंजीवर बसू दे. सरकारने ज्यांना दिवसा वेगळं केलं, त्यांना रात्री एकत्र बसवणं आपल्या हातात आहे. संघात उपालीला जागा मिळाली ती अशीच.

आणि मत मागायला जे दारात येतील, पक्ष कुठलाही असो, त्यांना एवढंच विचारा : आमच्या वस्तीतल्या शाळेत किती शिक्षक आहेत, तुम्हाला माहीत आहे का? कमान, सभामंडप, रंगरंगोटी मागण्याआधी शिक्षक मागा. वर्गात गुरुजी उभे राहिले तर कमान आपली मुलंच बांधतील.

निवड हा चांगला शब्द आहे. पण निवड खरी केव्हा? घराजवळची शाळा उत्तम असताना एखाद्याने आवडीने दूरची घेतली, तेव्हा. जवळची मोडून टाकली आणि दूरच्या शाळेचा रस्ता सोडतीने उघडला, तर तिला निवड म्हणत नाहीत. जोतीरावांनी, शाहू महाराजांनी, बाबासाहेबांनी सरकारकडे लॉटरी मागितली नव्हती. त्यांनी प्रत्येक मुलासाठी शाळा मागितली होती. ती मागणी अजून पुरी झालेली नाही, म्हणून ती आपल्याकडे आलेली आहे.

 अभ्यासिकेसाठी नावं द्यायची असतील त्या तरुणांनी आज जाण्याआधी चिटणीसांकडे द्यावीत.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम! जय भारत!